शेवटची रिकामी ओळ

नलू,

तुझी खुर्ची मी हलवलेली नाही. तिच्यावर बसले, एवढंच. बसल्यावर कळलं की तिचं डावं चाक केव्हाच मोडलंय. म्हणजे इतकी वर्षं तू एका बाजूला कलून बसायचीस, ती ऐट नव्हती. मी ऐट समजत होते. "आमच्या नणंदबाई महाराणीसारख्या रेलून बसतात," असं मी माझ्या बहिणीला फोनवर निदान दोनशे वेळा सांगितलं असेल. ते फोन आता परत घेता येत नाहीत.

तुझ्या तेराव्याला खूप माणसं आली. कामतघरहून आली, अंबाडीहून आली. ज्यांच्या यंत्रमागांची, लूमची, इलेक्ट्रॉनिक कार्डं आपल्या बेंचावर दुरुस्त झाली ती सगळी आली आणि सगळ्यांचं बोलणं एकच, "नलूताई म्हणजे दादांचा उजवा हात." मी पंगतीत वाढत होते. उजवा हात तू, मग मी कोण, हे कुणी सांगेना. एकानं तर मलाच विचारलं, "वहिनी, आता दादांचं कसं व्हायचं हो?" पंचेचाळीस वर्षं त्या दादांच्या ताटात मी वाढतेय. पण नाही, आता त्यांचं कसं व्हायचं. त्या विचारणाऱ्याच्या ताटात मी भाजी जरा कमीच वाढली.

गेलेल्या माणसावर जळणं बरं दिसत नाही, मला समजतं. पण मी तुझ्यावर इतक्या सवयीनं जळत आलेय की तू गेलीस म्हणून ते अचानक सुटेल कसं?

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर तीन बसलेले, एकही खाली उतरेना. तुझे दादा हात जोडून म्हणाले, "नलू, दुकान चालू ठेवीन." कावळे ढिम्म. हातात सोल्डरिंगची कांडी धरली की यांचा हात किती कापतो, हे कावळ्यांनाही ठाऊक असावं. बाकीच्यांनीही काय काय कबूल करून पाहिलं. मी मागं उभी होते. तिथूनच मनातल्या मनात एक वाक्य बोलले आणि एक कावळा आला. सगळे म्हणाले, दादांच्या शब्दाला मान दिला. त्या वाक्याकडं मी येते, पण आधी बाकीचं बोलून घेऊ दे. तू असताना माझं बोलणं कधी पुरं होऊ दिलं नाहीस, आज तरी ऐक.

मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. हिराची सुमन झाले. ताट तूच धरलं होतंस. दुसऱ्या वर्षी तुझं लग्न झालं, तिकडच्यांनी तुझी वसुधा केली, आणि आठ महिन्यांत एक ट्रंक घेऊन तू परत आलीस आणि पुन्हा नलू झालीस. का आलीस ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. मला तेव्हा एकच काळजी होती, ही किती दिवस राहणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तू दादांच्या बेंचाजवळ दुसरं स्टूल ओढलंस आणि मला उत्तर मिळालं.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू. तेवीस वर्षांची, नाकात चमकी, आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकानं आधी आपल्याकडं बघावं अशी अपेक्षा. नवरा बघायचा स्कोपकडं. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून आणलेला, शिलाई मशीनएवढा जड खोका, आणि त्याच्या गोल काचेत नाचणारी एक हिरवी रेघ. तारेतून वीज कशी येते, कशी जाते, ते त्या रेघेत लाटेसारखं दिसतं, एवढं मला समजलं होतं. त्या रेघेची बरोबरी करायची म्हणून मी चार दिवस ओळीनं हिरवी साडी नेसले. चौथ्या दिवशी हे मान वर न करता म्हणाले, "जरा बाजूला हो, उजेड अडतोय." तू खाली मान घालून हसलीस. मी बघितलं.

आणि मग चहा. "वहिनी, दोन चहा." मी ट्रे घेऊन तुमच्या मागं उभी, तुम्ही दोघं त्या काचेत डोकी घातलेली, आणि तुमचं बोलणं काय, तर "चढते का?" "चढते." "आता?" "पडली." एवढंच. माझ्याशी हे दिवसभरात याहून जास्त शब्द बोलायचे, 'मीठ दे' धरून. पण त्या 'चढते का'मध्ये जे होतं ते 'मीठ दे'मध्ये नव्हतं. त्या वयातही मला ते ऐकू यायचं.

पुढं जनरेटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी खूश झाले. लाईट तर आपल्याकडं रोजच जायची. म्हटलं, आता मिक्सर तरी चालेल. शेजारी मी सांगूनही आले. आला तो वेगळाच. वीज बनवणारा नव्हे, लाटा बनवणारा. तोही जुना, लिलावातलाच, पोटाला फ्लॉपीची फट असलेला. त्याच्याबरोबर फ्लॉपीवर लिहिणारा दुसरा स्कोप आला, कंप्युटर आला, आणि बेंचावर माझा ट्रे ठेवायची जागा गेली.

त्या जनरेटरचं काम मात्र मला आवडायचं, हे तुला कधी बोलले नाही. लूमवर आडवा धागा धावतो तेव्हा सेन्सरमधून बारीक झटके येतात. धागा तुटला की झटके थांबतात, आणि कार्डानं लगेच लूम बंद करायची असते. आता कार्ड दुरुस्त झालं की नाही हे बघायला घरात लूम कुठून आणणार? म्हणून तू कारखान्यात जाऊन ते झटके स्कोपवरून फ्लॉपीवर उतरवून आणायचीस, आणि घरी बेंचावर जनरेटर तेच झटके कार्डाला द्यायचा. कार्ड बिचारं समजायचं, आपण लूमवरच आहोत.

अडचण एकच. स्कोपनं लिहिलेली फाईल जनरेटरला वाचता यायची नाही. दोन्ही मशिनं वेगळ्या देशांतली, वेगळ्या वयाची, एकमेकांचं तोंड न बघणारी. मधे तू. ती फाईल कंप्युटरवर उघडायची, वरचं बिनकामाचं लिखाण काढून टाकायचं, पॉइंटवाले आकडे शून्य ते चार हजार पंच्याण्णव यांच्यामधल्या पूर्ण आकड्यांत बसवायचे, बरोबर एक हजार आकडे, एका ओळीवर एक, आणि फाईलचं नाव आठ अक्षरांच्या आत, सगळं कॅपिटलमध्ये. मग जनरेटर ती फ्लॉपी खायचा. हिरवा दिवा लागला की तू म्हणायचीस, "जमलं." आणि हे खुर्चीतून पुढं वाकून बघायचे. त्या वाकण्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते.

एकदा केलंही. चाळिशीतली मी आता ऐक. विशीतली निदान वयानं वेडी होती, हिला तेही कारण नव्हतं. तू आठ दिवस मावशीकडं अंबाडीला गेली होतीस. तुझ्यामागं उभी राहून मी एवढं टिपलं होतं की स्कोपच्या फायलींच्या नावाला एक तीन अक्षरांचं शेपूट असतं आणि जनरेटरच्या फायलींना दुसरं. म्हटलं, एवढंच ना? यात नलूचं एवढं कौतुक कशाला? एका दुपारी बसून मी तुझ्या डब्यातल्या अकराच्या अकरा फ्लॉप्यांवरची शेपटं बदलली. सगळ्यांची. तू आधीच तयार करून ठेवलेल्या फायलींचीही, उलटी. काम झाल्यावर कंप्युटरला हळदकुंकू लावलं की काय ते आठवत नाही, पण त्या बाईचा काही भरवसा नाही. मग मी तुझ्या खुर्चीवर रेलून चहा प्याले.

तू परत आलीस. जनरेटर फ्लॉपीमागून फ्लॉपीला लाल दिवा दाखवून ओरडायला लागला. यांनी विचारलं, "काय झालं गं?" तू डबा बघितलास, मग दारातल्या माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "गरमीनं गेल्या, दादा." पुढचे चार दिवस एकेक फाईल उघडून कच्ची कुठली, पक्की कुठली ते वेगळं करत बसलीस. यांना आजतागायत माहीत नाही. त्या चार दिवसांत मला तुझा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. चोरी पकडून जी ओरडत नाही तिच्याशी भांडायचं तरी कसं?

पाचव्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात आलीस. "वहिनी, नाव बदललं म्हणून आतलं बदलतं का? तुम्हाला तर ठाऊक पायजे."

हे वाक्य मी पंचवीस वर्षं सांभाळलंय. मी त्याचा अर्थ लावला की हिराची सुमन केली तरी तू आमच्यातली न्हाय. तीन आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या चहातली साखर कमी कमी करत नेली. तू एवढी खमकी की बिनसाखरेचा प्यालीस, पण हूं की चूं केलं नाहीस. पुढं बोलणं सुरू झालं, पण ते वाक्य तिथंच दारात उभं राहिलं.

परवा तुझी ट्रंक आवरली. तळाला पितळेचा एक तांब्या होता. त्यावर कोरलेलं, 'सौ. वसुधा'. आणि त्या अक्षरांवर खिळ्यानं ओढलेले ओरखडे, एकावर एक, एका दिवसाचे नसावेत असे. मी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. नलू, तू तेव्हा मला बोललीच नव्हतीस का? तू तुझंच सांगत होतीस का, आणि तेही मला, कारण त्या घरात नाव बदललेली दुसरी मीच होते? मी इतकी माझ्यातच बुडालेली की घरातलं प्रत्येक वाक्य माझ्यासाठीच असतं असं मला वाटायचं. तेव्हाच विचारायचं होतं. विचारलं नाही. उत्तर चांगलं निघालं असतं तर एवढा राग ठेवला कुठं असता?

पण म्हणून तुला देवी करून भिंतीवर टांगणार नाही. तूही काही कमी नव्हतीस.

आपलं सुक्या बोंबलाचं कालवण आठव. दर दोन-चार महिन्यांनी तू विचारायचीस, "वहिनी, काय काय घालता, परत सांगा." मी सांगायचे. बोंबील भाजून घे, कांदा, मसाला, बटाटा, चिंचेचा कोळ. तू माझ्यादेखत वहीत लिहून घ्यायचीस. रविवारी करायचीस. हे दोन वेळा भात घेऊन जेवायचे आणि म्हणायचे, "बरं झालंय. पण सुमनच्या हातचं..." आणि पुढं बोलायचे नाहीत. तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम हळूहळू वाढायचे. एक गोष्ट मी तुला सांगत नव्हते. तीस वर्षं तू विचारत राहिलीस, तीस वर्षं मी सगळं सांगत राहिले, ती एक सोडून.

आता तू गेल्यानंतरचं. कामतघरच्या शकीलभाईच्या लूमचे झटके तू जायच्या आदल्या आठवड्यात उतरवून आणले होतेस. फ्लॉपी तशीच कच्ची पडली होती. तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी तो आला.

"भाभी, लूम बंद पडी है. कार्ड का कुछ हुआ?"

यांनी कार्ड त्याच्या हातात ठेवलं. "नलू नहीं है. अब नहीं होगा."

"दादा, दूसरे को दिखाता हूँ तो बोलता है नया लो. नया किधर से लूँ, ये अब बनता ही नहीं." तो दारात उभाच राहिला. तो गेल्यावर यांनी भंगारवाल्याला फोन लावला. रविवारी ये, बेंचावरचं सगळं घेऊन जा.

ज्या दिवसाची मी पंचेचाळीस वर्षं वाट बघितली तो आला होता. स्कोप जाणार, हिरवी रेघ जाणार, खोली मोकळी होणार. तिथं दिवाण टाकायचा हेही माझं कधीचं ठरलेलं. आणि मला आनंद होईना. खरं कारण सांगते, त्यात चांगुलपणा काही नव्हता. 'नलू नहीं है, अब नहीं होगा' हे मला सोसेना. म्हणजे तू जातानाही घर बंद करून किल्ली घेऊन गेलीस? तुझ्यावाचून अडतं हे माझ्यादेखत सिद्ध होणार, आणि मी दिवाणावर बसून ते बघणार? मी शकीलभाईला फोन केला, "कार्ड वापस लाओ. शनिवार तक रुको." मग यांना सांगितलं, "नलूचं काम मी बघते."

हे हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, तेही माझ्यावर.

तुझी वही ड्रॉवरमध्ये होती. पुढच्या बाजूनं माझं बोंबलाचं कालवण, उलट्या बाजूनं फायली. एकेक पायरी, नंबर घालून, स्वच्छ अक्षरात. आकडे कशानं गुणायचे तेही होतं. ते पुण्याहून नातीनं फोनवर समजावलं, वर म्हणाली, "आजी, तू हे कशाला शिकतेस?" मी म्हटलं, मत्सरानं. तिला तो विनोद वाटला. वरचं लिखाण काढलं, आकडे बसवले, हजार ओळी मोजल्या, नाव कॅपिटलमध्ये दिलं. फ्लॉपी घातली. लाल दिवा. पुन्हा पहिल्यापासून केलं. लाल दिवा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सतरा वेळा झालं. हे दारातून बघून जायचे. शेवटी म्हणाले, "सोड आता. तिला जमायचं."

तिला जमायचं. मी जेवले नाही.

शनिवारी सकाळी वही घेतली ती चुकून पुढच्या बाजूनं उघडली. बोंबील, कांदा, मसाला, बटाटा, कोळ. सगळं बरोबर, माझ्याच तोंडचं. हे वाचून कुणी कितीही नीट केलं तरी कालवण माझ्यासारखं होणार नाही, कारण सांगणारीनं सगळं सांगितलेलंच नाही. मग मी वही फिरवली. तुझ्या पायऱ्या पुन्हा वाचल्या. आणि मला हसू फुटलं. अगं चोरटे. तूही ठेवलीस की.

त्यानंतर काम सोपं झालं. तुझ्या हुशारीनं विचार करणं मला कधी जमलं नसतं, पण लपवणारीच्या डोक्यानं विचार करायला मला कुणी शिकवायला नको. मी असते तर काय गाळलं असतं? मोठं काही नाही, मोठं गाळलं की पकडलं जातं. लहानसं, फुकटचं आणि अगदी शेवटचं. मी माझ्या फाईलच्या तळाशी गेले. हजारावा आकडा, संपलं. मग तुझी एक जुनी, चालणारी फाईल उघडून तिच्या तळाशी गेले. हजारावा आकडा, आणि त्याच्याखाली एक रिकामी ओळ. आकड्यानंतर एकदा एन्टर मारलेलं, बस. ते नसलं तर त्या जनरेटरबाबाला शेवटचा आकडा पुरा झाला हे कळतच नाही. तो नऊशे नव्व्याण्णव मोजतो आणि ओरडतो.

मी एन्टर मारलं. हिरवा दिवा.

कार्डाच्या तारा यांनी जोडल्या, यांचा हात मी धरला. स्कोपवर रेघ उठली, शकीलभाईच्या लूमच्या ठेक्यात. आणि हे पुढं वाकले. तसेच. इतक्या जवळ की मला डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास आला.

"चढते का?"

"चढते," मी म्हटलं. मग मी बटण दाबून झटके थांबवले, धागा तुटल्यासारखे. कार्डावर टक् झालं. लूम असती तर जागच्या जागी थांबली असती. "पडली."

"नले," हे काचेतून नजर न काढता म्हणाले, "जमलं गं."

इथं मी रडायला हवं होतं. पण आधी अंगाची आग झाली. सतरा वेळा ओरडून घेतलं मी, एन्टर मारलं मी, आणि नाव तुझं. "नलू न्हाय. मी हाय," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडं वळून बघितलं. डोळे भरलेले. "ठाऊक हाय," म्हणाले. मग, "कसं केलंस? तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाबी न्हाय."

म्हणजे दादांनाही नाही. आणि मला आयुष्यभर वाटत होतं की तुमच्या दोघांत लपवालपवी नव्हती. खोटं कशाला बोलू, ते ऐकून फार बरं वाटलं. आणि त्याच क्षणी तुझी फार आठवण आली, तिथं, त्या कलत्या खुर्चीत. घर त्यांचं, धंदा त्यांचा, तुझ्या नावावर तांब्यासुद्धा धड नाही. घरात तुझं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ती रिकामी ओळ. तेवढी तरी तू कशी सांगशील? आणि एवढंच जवळ असलेल्या तुझा मी हेवा करत होते.

"जमलं," मी म्हटलं. "दोन चहा ठेवा."

हे उठले. आत भांडी पडली. "सुमन, साखर कुठं असते गं?" पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न. चहा वाईट झाला होता. मी रेलून बसून सगळा प्याले.

शकीलभाईची लूम चालू झाली. भंगारवाला रविवारी आला आणि रद्दी घेऊन गेला.

आता खाडीवरचं वाक्य. मी म्हटलं होतं, "नलू, ये बाई, कालवणाचं सांगते." कबूल केलंय, तर घे. कालवण झालं की गॅस बंद करायचा. मग लसणीच्या दोन पाकळ्या सालीसकट ठेचून, कच्च्याच, वरून टाकायच्या आणि लगेच झाकण. दहा मिनिटं कुणालाही उघडू द्यायचं नाही. एवढंच होतं. एवढ्याच्या जोरावर मी तीस वर्षं ऐट केली.

वहीत तुझ्या अक्षरातल्या कालवणाखाली हे मी लिहून ठेवलंय. वही फिरवली की दुसऱ्या बाजूला तुझ्या फायलींच्या पायऱ्या आहेत. त्यांच्याखाली काही लिहिलेलं नाही. यांनी दोनदा विचारलं, तरी नाही. हे माझं लिहिलेलं कधी वाचत नाहीत, म्हणून इथं बोलले. वहीत ती एक ओळ रिकामीच सोडलीय.